स्कॅनच्या आदल्या दिवशीची ज्योत

गेल्या नवरात्रात, घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, सोलापुरातल्या एका तपासणी केंद्रात माझा स्कॅन झाला. अहवालात शरीराच्या इतर सगळ्या भागांबद्दल मत दिलं होतं. उजवी काख आणि मानेची उजवी बाजू यांबद्दल दिलं नव्हतं. आजार परतला होता तो याच दोन ठिकाणी.

मी वाशीत राहतो, मुंबईजवळच्या नव्हे, तुळजापूरकडच्या. एका जिल्हा दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवतो. लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, मला दोनदा झाला. पहिल्या वेळी केमो झाली, दुसऱ्या वेळी कॅप्सूल मिळाली. हे लिहिलं आहे ते दुसऱ्या वेळेबद्दल. ज्यांच्या घरात अशी कॅप्सूल नुकतीच आली आहे, त्यांना यातलं काही उपयोगी पडावं.

फोन बसेना

त्या दुपारी बाजार समितीच्या सभेची बातमी मी फोनवरून डेस्कला सांगत होतो. कागद चाळायला हात मोकळे राहावेत म्हणून फोन उजव्या कानाला लावून खांद्यानं दाबून धरायचा, ही जुनी सवय. त्या दिवशी फोन सारखा निसटत होता. एकदा सावरताना बोट जबड्याखाली गेलं. हरभऱ्याएवढं काहीतरी हाताला लागलं. दाबलं की सरकत होतं, दुखत नव्हतं.

बातमी पूर्ण सांगितली. मग बायकोला, सुनीताला, हाक मारली आणि तिचं बोट तिथं ठेवलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिल्या आजारात तिनं अशा गाठी हातानं पाहिल्या होत्या.

"आणखी कुठं?" तिनं विचारलं.

"बघितलं नाही."

तिनंच काख चाचपली. तिथली मोठी होती.

गाठीचा तुकडा तपासायला गेला. निकाल येईपर्यंत घरात कुणी आजाराचं नाव घेतलं नाही. आई 'ते' म्हणायची. "त्याचं काय कळलं का?" मी घरात बसत नव्हतो. सकाळी तहसील, दुपारी पंचायत समिती, संध्याकाळी बसस्थानक. त्या दिवसांत मी नेहमीपेक्षा जास्त बातम्या पाठवल्या. त्यातल्या बऱ्याच छापण्यासारख्या नव्हत्या.

सोलापूरच्या डॉक्टर मॅडमनी निकाल समोर ठेवला आणि वेळ न लावता सांगितलं, "परत आलाय. पण यावेळी केमो नको. एक कॅप्सूल आहे. या पेशींना वाढायला आतून जो निरोप लागतो, तो ती अडवते. रोज घ्यायची, घरीच."

"नाही अडला तर?" सुनीतानं विचारलं.

"तर मुंबई. तिथला उपचार मोठा आहे. तो यांना झेपेल का, हे मी आज सांगू शकत नाही. म्हणून ही कॅप्सूल लागू पडणं फार महत्त्वाचं आहे. काही महिन्यांनी स्कॅन करू. लागू पडतेय की नाही ते त्यातच कळेल."

परतीच्या वाटेवर एसटी तुळजापूरला थांबली. तिथं सुनीता म्हणाली, "ठरल्या वेळेला घ्यायची म्हणाल्यात. तुमचं काहीच ठरल्या वेळेला नसतं." मग तिनं स्वतःच्या फोनमध्ये गजर लावला.

सलाईन नसलेला उपचार

पहिल्या आजारात लोकांना काय बघायचं ते कळत होतं. केस गेलेले, तोंड आलेलं, हाताला पट्टी. भेटायला येणारे सफरचंदं ठेवून खालच्या आवाजात बोलून जायचे. यावेळी त्यांना मी मोटारसायकल पुसताना दिसायचो.

"गोळीनं जातंय व्हय ते?" आईनं पहिल्याच दिवशी विचारलं. "मग मागल्या टायमाला येवढ्या सलाईनी कशापायी टोचल्या?"

"औषध नवीन आहे, आई."

"नवीन आसंल. पर गोळी तर मला बी हाय गुडघ्याची. म्या काय कॅन्सरची हाय का?"

चौकात टायरचं दुकान असलेला वैजनाथ माझ्या वर्गातला. सगळं गाव त्याला बप्पा म्हणतं. त्याचं मत वेगळं नव्हतं. "पंक्चर काढाय गेलं अन् नुसती हवा भरून दिली, असं वाटायलंय मला. तुला कसं वाटायलंय?"

मलाही तसंच वाटत होतं. केमोला तारीख असते, खाट असते, उलटी असते. काहीतरी चाललंय हे अंगाला कळतं. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली की संपलं. पुढं दिवसभर काहीच होत नाही, आणि माणूस त्या काहीच न होण्याकडं लक्ष ठेवून बसतो.

अगदीच काही होत नव्हतं असंही नाही. डोकं दुखायचं. पोट बिघडायचं. पिशवीचा पट्टा जिथं रुतेल तिथं निळा डाग पडायचा आणि बरेच दिवस राहायचा. दाढी करताना कापलं तर रक्त लवकर थांबायचं नाही. दात काढायचा असेल तरी आधी विचारा, असं बजावलं होतं. पपनस बंद. कुणी प्रेमानं दिलेला काढा, चूर्ण, भस्म, सगळं बंद. हे शेवटचं पाळणं सगळ्यांत अवघड गेलं, कारण देणारी माणसं घरात येऊन बसतात आणि तुम्ही घेईपर्यंत उठत नाहीत. सुनीतानं त्यावर तोड काढली. ती बाटली हातात घ्यायची, "शाळेतून आल्यावर देते" म्हणायची आणि मागच्या दारी कढीलिंबाच्या मुळाशी ओतायची. कढीलिंब जगला.

गाठ कमी होतेय का, हे मी दिवसातून अनेकदा बोटानं पाहत होतो. बातमी एकाच्या सांगण्यावर द्यायची नाही, दुसऱ्याकडून पक्की करायची, ही शिस्त अंगात मुरलेली. त्यामुळं मी पाहिलं की सुनीताला पाहायला लावायचो. काही दिवस तिनं पाहिलं. मग एका सकाळी डबा भरता भरता म्हणाली, "मी तुमची वार्ताहर नाही. चाचपू नका आणि मला चाचपायला लावू नका. दाबून दाबून लाल केलीय."

तरी मी दाबत होतो. पावसाळा संपत आला तेव्हा जबड्याखालची गाठ बोटाला लागेनाशी झाली. काखेतली लागते की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं. एका दिवशी लागायची, दुसऱ्या दिवशी नाही. सुनीता म्हणाली, "स्कॅन." त्यापुढं तिनं त्यावर बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

बोललेलं

स्कॅनची तारीख नवरात्रात आली. केंद्रातून फोन आला. बोलणारी मुलगी भराभर सांगत होती. आदल्या दिवशी भात, पोळी, साखर, फळं काही नको. पनीर, दही, शेंगदाणे, अंडी चालतील. सकाळी फक्त पाणी. व्यायाम नको, जिमला जाऊ नका.

"मी जिमला जात नाही," मी सांगितलं.

"व्यायाम करता का?"

"नाही."

ते खरं होतं.

सुनीतानं सगळं लक्ष खाण्याकडं लावलं, आणि ते बरोबरही होतं. आमच्याकडं घट बसतात, आईचे नऊ दिवसांचे उपवास असतात. साबुदाणा, भगर, रताळी, केळी, म्हणजे त्या मुलीनं नको म्हणून सांगितलेलं सगळं घरात येऊन पडलेलं. घट असल्यामुळं अंडी करता येत नव्हती. सुनीतानं पनीर आणलं, दही विरजलं, शेंगदाणे भाजून वेगळ्या डब्यात ठेवले आणि आईला सांगितलं, "आई, यांना उद्यापर्यंत प्रसादसुद्धा द्यायचा नाही. खडीसाखरेचा खडासुद्धा."

"न्हाय देत गं. मला काय कळत न्हाय व्हय?" आई म्हणाली. तिनं खरंच दिला नाही.

आईच्या मनात दुसरंच होतं. पहिली कॅप्सूल घरात आली त्या दिवशी ती देवीला बोलली होती. गाठ गेली तर लेक ज्योत गावात आणील. जबड्याखालची गाठ गेल्याचं तिनं स्वतः पाहिलं होतं. तिच्या हिशेबी देवीनं तिचं काम केलं होतं आणि आता आमची बाजू राहिली होती.

आमच्या भागात हे नवीन सांगायला नको. घटस्थापनेला गावोगावची पोरं तुळजापूरला जातात, मंदिरात ज्योत पेटवतात आणि अनवाणी पळत गावात आणतात. एक थकला की दुसरा घेतो. ज्योत थांबत नाही, खाली टेकत नाही. मागं टेंपो असतो, त्यात तेलाचा डबा, पाणी आणि स्पीकर. हायवेवर त्या दिवशी अशा बऱ्याच ज्योती एकामागून एक चाललेल्या असतात. बप्पा आमच्या चौकातल्या मंडळाचा अध्यक्ष. दरवर्षी ज्योत हायवे सोडून गावाकडं वळते त्या फाट्यावर मी कॅमेरा घेऊन उभा असतो. फोटो आणि दोन परिच्छेद, दरवर्षी तेच.

यंदा आईनं सकाळीच बप्पाला फोन केला होता.

"बोललेलं ठेवू न्हाय," ती मला म्हणाली. "फाट्यापासनं चौकापतुर. लई न्हाय."

मी सुनीताकडं पाहिलं. ती म्हणाली, "पायात काही रुतलं तर रक्त थांबत नाही यांचं."

"बप्पा रस्ता झाडून घेणार हाय."

"आणि दमले तर?"

"दमला तर दुसऱ्याच्या हातात द्यायची. पोरं हायतच की शेजारनं."

सुनीतानं काट्यांचा विचार केला, रक्ताचा केला, दमण्याचा केला. मी कॅप्सूलच्या वेळेचा केला. दुसऱ्या दिवशीचा स्कॅन तिघांच्याही डोक्यात होता. तरी व्यायाम या शब्दाशी ज्योतीचा संबंध तिघांपैकी एकालाही लागला नाही. ज्योत आणणं म्हणजे सेवा. व्यायाम म्हणजे जिम.

फाटा ते चौक

दुपारी ज्योत फाट्यावर आली. पोरं घामानं भिजलेली, तळव्यांना डांबर लागलेलं. बप्पानं माझ्या खांद्यावरचा कॅमेरा काढून टेंपोत बसलेल्या एकाकडं दिला.

"यंदा फोटो दुसरा काढंल. तू धर. वर धर, तेल अंगावर यील."

मी ज्योत घेतली. उजव्या हातात, खांद्याच्या वर. "आई राजा उदो उदो" सुरू झालं आणि मी पळालो.

त्याबद्दल जे खात्रीनं सांगता येतं तेवढंच सांगतो. अंतर फार नव्हतं. मी थांबलो नाही. निम्म्या वाटेवर हात खाली यायला लागला, तेव्हा शेजारी पळणारा बप्पा म्हणाला, "दे इकडं." मी दिली नाही. गेले कित्येक महिने मी तहसीलपासून बसस्थानकापर्यंत उगाच फिरत होतो. त्या दुपारी पहिल्यांदा पायांना जायला ठिकाण होतं. चौकात आई ओवाळायला उभी होती. तिनं आधी ज्योतीला ओवाळलं, मग मला, आणि हाताची मूठ पदरात घट्ट मिटलेली ठेवली, कारण तिच्यात खडीसाखर होती आणि ती मला द्यायची नव्हती.

संध्याकाळी दोन परिच्छेद पाठवले. ज्योत उत्साहात दाखल झाली, असं लिहिलं. ज्योत कुणी आणली ते लिहिलं नाही.

पाय धुताना सुनीतानं तळवे पाहिले. दोन्ही टाचांखाली रक्ताचे फोड आले होते, जांभळट. तिनं पट्ट्या बांधल्या. "उद्या चप्पल कुठली घालणार?" एवढंच म्हणाली.

हात बदलला नाही?

केंद्रात हाताच्या शिरेतून औषध देतात आणि एका खोलीत पडून राहायला सांगतात. बोलायचं नाही, फोन बघायचा नाही, हालचाल करायची नाही. ज्यांना हा स्कॅन करायचा आहे त्यांनी या खोलीची तयारी मनात करून जावं. यंत्राचं काही वाटत नाही. मला ती खोली जड गेली. मी छताच्या फरशा पाहत पडलो होतो आणि उजवा हात ठणकत होता. हात ठणकतोय, याचा अर्थ काय, याचा विचार त्या वेळीही आला नाही.

स्कॅन झाल्यावर यंत्र चालवणारा तरुण बाहेर आला. अक्कलकोटकडचा होता, बोलण्यावरून कळत होतं.

"काल व्यायाम केला का काका?"

"नाही."

"उजव्या हातानं काही जड उचललं?"

"नाही."

तो माझ्या पायांकडं पाहत होता. चपलेतून पट्ट्या दिसत होत्या.

"ज्योत?" त्यानं विचारलं.

मी हो म्हणालो.

"आमच्याकडं पण आणतात." "हात बदलला नाही का?"

"डाव्या हातात ज्योत घेत नाहीत."

"ते खरंय," तो म्हणाला, आणि आत गेला.

अहवाल डॉक्टर मॅडमकडं गेला. त्यांनी पडद्यावरचं चित्र आमच्याकडं फिरवलं. पिंढऱ्या उजळलेल्या होत्या. उजवा खांदा, मानेची उजवी बाजू आणि काखेभोवतालचे स्नायू दिवाळीतल्या रोषणाईसारखे दिसत होते.

"आदल्या दिवशी राबलेले स्नायू शिरेतून दिलेलं हे साखरेसारखं औषध ओढून घेतात," त्या म्हणाल्या. "आजारी पेशीही तसंच ओढतात. छातीत, पोटात काही नाही, हे मी सांगू शकते. या भागात स्नायू आहेत की गाठ, की दोन्ही, हे नाही सांगू शकत. अंदाजही करणार नाही."

"परत करायचा?" सुनीतानं विचारलं.

"काही आठवड्यांनी. कॅप्सूल सुरू ठेवायची." मग म्हणाल्या, "यात आमचंही चुकलं. आम्ही जिमचं विचारतो. तुमच्याकडच्या किती जणांनी जिम पाहिलंय?"

ते काही आठवडे

घरी आल्यावर सुनीतानं आईला जे झालं ते सांगितलं. आवाज चढवला नाही. आईनं दोनदा विचारलं, "म्हंजी हाय का न्हाय?" दोन्ही वेळा सुनीता म्हणाली, "माहीत नाही." त्यानंतर घट उठेपर्यंत दोघी एकमेकींशी फक्त स्वयंपाकापुरतं बोलल्या.

दसऱ्याच्या दिवशी सोनं देऊन झाल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली.

"म्या देवीला काय वंगाळ बोलले का रं?"

"नाही."

"तुझ्या हातात ज्योत दिली ते चुकलं?"

"दुसऱ्या दिवशी स्कॅन होता, म्हणून. एरवी काही नाही."

"मग त्या फोनवरच्या पोरीनं तसं सांगाय नको? ज्योत घिऊ नका म्हणून?"

"तिला ज्योत माहीत नव्हती, आई."

तुळजापूरची ज्योत माहीत नसलेलं माणूस सोलापुरात असू शकतं, हे आईला पटलं नाही.

त्या आठवड्यांत मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही. पेपर उघडायचो, मथळे वाचायचो, मिटायचो. जेवताना उठायचो. काख चाचपायची नाही, असं सुनीताला कबूल केलं होतं. ते पाळलं आणि त्यामुळं हात सारखा खिशात ठेवावा लागला. एकदा रस्त्यातल्या खड्ड्यांच्या बातमीत मी गावाचं नाव चुकीचं पाठवलं. डेस्कवरच्यानं फोन करून विचारलं, "बरं आहे ना?" मी म्हणालो, तपासणी अपुरी राहिलीय. तो म्हणाला, "मग ईट की वाशी, ते तरी पक्कं सांग."

कॅप्सूलचा गजर मात्र एकदाही चुकला नाही.

दुसऱ्या स्कॅनची तारीख जवळ आली तशी आईनं माझ्या उजव्या हाताचा ताबा घेतला. पाण्याचा तांब्या उचलू देईना. मोटारसायकलची किल्ली तिनं डाळीच्या डब्यात ठेवली. आदल्या दिवशी मी बातमी टंकायला बसलो तर म्हणाली, "डाव्या हातानं कर."

"टायपिंग म्हणजे व्यायाम नाही, आई."

"ज्योत बी नव्हती."

सुनीता हसली. नवरात्रानंतर त्या घरात तिचं हसणं पहिल्यांदा ऐकू आलं. मी बातमी डाव्या हाताच्या एका बोटानं टंकली. चार ओळींची होती.

बप्पानं एसटीनं जाऊ दिलं नाही. स्वतःची जीप काढली. "त्या दिवशी निम्म्या वाटंवर दे म्हणलं तर दिली न्हाईस," तो येडशीजवळ म्हणाला. "आता पिशवी तरी दे." पिशवी त्याच्याच पायाशी होती.

केंद्रात तोच तरुण होता. त्यानं हातातला कागद वाचत विचारलं, "साखर? भात? जिम? शेतातलं काम? पालखी, ज्योत, दंडवत?"

"हे आधी नव्हतं," मी म्हणालो.

"तुमच्यानंतर घातलंय."

अहवाल

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी मला आत बोलावलं. सुनीता बरोबर होती. आई वाशीत फोनजवळ होती आणि बप्पा बाहेर जीपमध्ये. मॅडमनी अहवाल वाचला, बाजूला ठेवला, उठून माझी मान आणि काख स्वतः तपासली. मग अहवाल आमच्याकडं सरकवला.

सुनीतानं तो वाचला. मग माझा उजवा हात वर करायला सांगितला आणि कित्येक आठवड्यांनी, आपण होऊन, काखेत बोटं ठेवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"काही लागत नाही," ती म्हणाली.

अहवालातली ओळ अशी होती: मानेची उजवी बाजू व उजवी काख, सक्रिय आजार आढळला नाही.

आईला फोन सुनीतानं केला. कॅप्सूल सुरू आहे. पुढचा स्कॅन उन्हाळ्यात आहे.